जर्मनीला निघताय? मग मृत्युपत्र आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांना मिळणारा युरोपीय रहिवास परवाना) मिळालंय, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन म्युनिकला निघायचंय. पुण्याचा फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, थोडे शेअर्स आणि एफडी आहेत, आई-वडील भारतातच राहणार. नॉमिनी सगळीकडे लावलेत, मग या वयात मृत्युपत्र कशाला? आणि करायचंच तर जर्मनीत गेल्यावर करू का?

करा, आणि निघण्याआधी करा. सामानाची यादी तुम्हाला कोणीही देईल, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आधी नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा सोसायटी त्याच्या हातात देऊन मोकळी होते, पण खरा हक्क वारसांचाच राहतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. कुलमुखत्यारपत्रावर तर अजिबात विसंबू नका. वडिलांना दिलेली पॉवर ऑफ अटर्नी तुम्ही हयात असेपर्यंतच चालते. ज्या दिवशी तिची खरी गरज पडेल, त्याच दिवशी ती संपते.

आता मृत्युपत्र नसताना काय होतं ते तुमच्याच घरावर लावून बघू. तुम्हाला 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. त्यानुसार पुण्याच्या फ्लॅटचे तीन समान हिस्से होतील: बायको, मुलगी आणि तुमची आई. वडिलांना काही नाही. हे ऐकून बरेच जण चमकतात. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे तिचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागेल. म्हणजे तुमची बायको म्युनिकमध्ये, फ्लॅटवर कर्ज, हप्ता चालू, आणि विकायचं म्हटलं तर सासूबाईंची सही आणि पुण्याच्या कोर्टाचा आदेश. सासू-सुनेचं कितीही छान असलं तरी ही वेळ त्यांच्यावर कशाला आणायची?

जर्मनीतल्या बँक खात्याचं गणित वेगळंच. 17 ऑगस्ट 2015 पासूनच्या मृत्यूंना युरोपीय संघाचा वारसा नियम लागू होतो. माणूस जिथे स्थायिक होता तिथला कायदा चालतो. जर्मन कायद्याने साधारणपणे निम्मं बायकोला, निम्मं मुलीला, आईला शून्य. एकच माणूस, एकच कुटुंब, आणि दोन देशांत दोन वाटण्या. मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, पण ते वाक्य तिथल्या नोटारला (असे दस्त करणाऱ्या जर्मन कायदेतज्ज्ञाला) दाखवून घाला. मुलांचा सक्तीचा हिस्सा, म्हणजे मृत्युपत्रात वगळलं तरी मिळणारा वाटा, जर्मन लोक फार गंभीरपणे घेतात.

कागद कसा करायचा? भारतात स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंत तर उत्तम. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि तेही ज्यांना काही मिळणार नाही असे, तुमच्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे. कोर्टाची वेळ आली तर त्यातल्या एकाला उभं राहावं लागतं. जर्मनीत उलट आहे: साक्षीदार लागत नाहीत, पण घरच्या घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेलं लागतं. प्रिंट काढून खाली सही केली तर ते रद्दी. पुण्यात टाइप करून दोन साक्षीदारांसमोर केलेलं मात्र तिकडे ग्राह्य धरतात, कारण जिथे केलं तिथल्या रीतीने ते बरोबर असतं. फसगत होते ती दुसऱ्या दिशेने. म्युनिकमध्ये हाताने लिहून साक्षीदार न घेतलेल्या कागदावर पुण्याचा फ्लॅट वारसाच्या नावावर चढत नाही. म्हणून पुढे बदल कराल तेव्हा पूर्ण हाताने लिहा, तारीख-ठिकाण टाका, आणि शिवाय दोन साक्षीदारांच्या सह्याही घ्या. दोन्हीकडे चालेल. मूळ प्रत शुल्क भरून तिथल्या कोर्टात ठेवता येते.

अजून एक सापळा. तयार मसुद्यात "याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असं वाक्य बहुधा असतंच. जर्मनीतल्या मालमत्तेपुरतं नवं मृत्युपत्र करताना ते तसंच राहिलं, तर पुण्याचं मृत्युपत्रही गेलं. "फक्त जर्मनीतल्या मालमत्तेपुरते" असं स्पष्ट लिहा.

मुलीचा पालक कोण, हे त्यातच नाव घेऊन लिहा. दोघांनाही एकदम काही झालं तर आजी-आजोबा विमानात बसेपर्यंत निर्णय तिथल्या कोर्टापुढे असतो, आणि तुमचं लेखी मत नसेल तर कोर्ट स्वतः ठरवतं. दोघं मिळून एकच मृत्युपत्र करण्याची जर्मन पद्धत आहे, पण एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलणं अवघड होतं. तुम्ही वेगवेगळी करा. "आत्तापासून असलं अभद्र नको" असं बायको म्हणतेय, असंही तुम्ही लिहिलंय. तिला वरचा तीन हिश्शांचा हिशोब वाचून दाखवा.

शेवटी आई-वडिलांचा विषय. भारतात मृत्यूकर 1985 मध्येच गेला, पण वारस जर्मनीत राहत असेल तर जर्मनी भारतातल्या वारशावरही कर लावते. आई किंवा वडिलांकडून आलेल्या 4 लाख युरोपर्यंत सूट आहे, भाऊ किंवा काकांकडून आलं तर फक्त 20 हजार. कळल्यापासून तीन महिन्यांत करखात्याला कळवावं लागतं. तेव्हा निघण्याआधी वडिलांनाही त्यांचं मृत्युपत्र करायला सांगा, आणि निःसंतान काकांचं घर तुमच्या नावाने व्हायचं असेल तर ते तुमच्या वडिलांना द्यायचं की थेट तुम्हाला, हे तिथल्या करसल्लागाराला विचारूनच ठरवा.