जॅझ, रॉक आणि आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय: मागच्या कव्हरवरची नावं

तुमचा प्रश्न असा आहे: 'रेकॉर्ड जमवणारे लोक जॅझ, रॉक आणि आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय असं सगळंच ऐकताना दिसतात. इतके वेगळे प्रकार एकाच माणसाला खरंच आवडतात का? हल्ली तुम्ही नेमकं काय ऐकताय?'

आधी हल्ली काय ऐकतेय ते सांगते. आवडतात की नाही हे त्यातच येईल.

गेले सहा-सात आठवडे माझ्या टर्नटेबलवर एका रेकॉर्डचा मुक्काम आहे: आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराची 'टॅब्युला रासा'. ही १९८४ची. मानफ्रेड आइशरनं म्युनिकमध्ये १९६९ साली ईसीएम ही कंपनी काढली ती मुख्यतः जॅझसाठी. लिहिलेल्या संगीतासाठी तिनं 'न्यू सीरीज' ही वेगळी मालिका सुरू केली, त्यातली ही पहिली रेकॉर्ड. रेकॉर्ड माझ्याकडे बरीच वर्षं होती. आधुनिक शास्त्रीयच्या खणात उभी असायची आणि मी ती वर्षातून एखाद्या वेळी लावायचे. या वेळी साइड संपल्यावर कव्हर हातातच राहिलं, म्हणून मागची नावं नीट वाचली. 'फ्रात्रेस' या पहिल्या रचनेत व्हायोलिनवर गिडोन क्रेमर, आणि पियानोवर कीथ जॅरेट. तोच जॅरेट, ज्याच्या रेकॉर्ड माझ्याकडे दोन खण सोडून जॅझमध्ये लावलेल्या आहेत. दुसऱ्या साइडला, मुख्य रचनेत, तारांमध्ये स्क्रू वगैरे खोचून आवाज बदललेला पियानो आहे. तो वाजवलाय आल्फ्रेड श्नित्केनं, जो स्वतः मोठा संगीतकार. हे रेकॉर्डिंग १९७७ मधल्या बॉनच्या मैफलीतलं आहे.

या रेकॉर्डविषयी जरा सविस्तर लिहू दे, कारण सध्या माझं मन तिथेच आहे. पहिल्या साइडच्या मध्ये 'कँटस' नावाची पाचेक मिनिटांची रचना आहे, बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या स्मरणार्थ लिहिलेली. एक घंटा आणि तंतुवाद्यं, बस. घंटा ए या स्वराची. तंतुवाद्यांचे पाच थर एकच उतरती मायनर स्वरावली वाजवतात, पण प्रत्येक थर आधीच्याच्या निम्म्या लयीत. वरचे व्हायोलिन भराभर उतरत असतात तेव्हा तळाचे डबल बास जेमतेम पाऊल उचलत असतात. शेवटी सगळे आपापल्या जागी पोचून ठाम थांबतात. त्या गदारोळात घंटेचा अगदी हलका एक टोला पडून गेलेला असतो, तो तेव्हा कळतही नाही. तारा गप्प झाल्या की मागे तिची आस, म्हणजे विरत जाणारा नाद, उरते. ए हा षड्ज धरलात तर पाच मिनिटं तुम्ही कोमल गंधार ऐकत आलेले असता, आणि त्या आसेत शुद्ध गंधार उमटतो. तो कोणी वाजवलेला नसतो. जुळलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तोच प्रकार. मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं त्या रात्री सुई तीनदा उचलून मागे ठेवली.

दुसऱ्या साइडचा शेवट तर त्याहून विलक्षण आहे. 'सिलेन्टियम' नावाचा संथ भाग, डी मायनरमध्ये. व्हायोलिन हळूहळू वरून खाली येतात, मग स्वर आणखी खालच्या वाद्यांकडे सोपवले जातात, आणि अखेरीला एकटा डबल बास उरतो. तो कोमल गंधारावरून ऋषभावर येतो आणि तिथेच थांबतो. षड्ज येतच नाही. पुढे पॅर्टनं नुसती शांतता लिहिली आहे.

आता ही शांतता रेकॉर्डवर कशी ऐकू येते तेही सांगते, कारण रेकॉर्ड जमवणाऱ्याच्या ऐकण्यात हे सगळं येतंच. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. फेऱ्याचा वेळ तोच, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगानं सरकते आणि आत लेबलजवळ पोचेपर्यंत तो वेग २० सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच संगीताला जागा निम्म्याहून कमी मिळते. त्यामुळे वरचे, टोकदार स्वर आतल्या खाचांमध्ये बोथट होतात. त्यात या रेकॉर्डची पहिली साइड २८ मिनिटांची आहे आणि दुसरीही फार मागे नाही. एवढं बसवायचं तर खाचा दाटीनं कापाव्या लागतात आणि मूळ आवाज खालच्या पातळीवर ठेवावा लागतो. म्हणून जिथे संगीत सगळ्यात हळू, नेमकी तिथेच धुळीची टिकटिक सगळ्यात मोठी. मी ही रेकॉर्ड लावण्याआधी कार्बन फायबरच्या ब्रशनं पुसते, आणि दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरनं धुते. तरीही त्या ऋषभानंतर एक बारीक चरचर राहतेच. मग सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत जाते. संगीत कधी संपलं आणि खाच कधी सुरू झाली हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

तर, जॅरेटचं नाव दिसलं म्हणून मी पुढची रेकॉर्ड काढली ती त्याची 'द कल्न कॉन्सर्ट'. २४ जानेवारी १९७५, कोलोनचं ऑपेरा हाऊस, चुकीचा आणि लहान पियानो, रात्री साडेअकराची मैफल. ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. मी पहिली साइड ऐकली आणि या वेळी तिथेच थांबले. चांगली आहे, पण मला वाट दुसरीकडे दिसत होती.

ती वाट म्हणजे ईसीएमचीच १९७८ची रेकॉर्ड, स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स'. न्यू सीरीज निघण्याच्या सहा वर्षं आधीची, म्हणजे जॅझच्याच रांगेत प्रसिद्ध झालेली. सुरुवातीला अकरा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, एकामागून एक येतात, प्रत्येक थोडा वेळ. मग राइश पुन्हा पहिल्या कॉर्डवर जातो आणि एकेकावर पाचेक मिनिटांची छोटी रचना उभी करतो. पियानो आणि मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) न थांबता ठोका धरून असतात. त्यावर क्लॅरिनेट आणि गाणाऱ्या बायका एकेक स्वर घेतात, आणि तो किती वेळ टिकवायचा ते त्यांच्या दमावर सोपवलेलं आहे. दम संपला की स्वर विरतो, नवा दम घेतला की पुन्हा भरून येतो. ठोका यंत्रासारखा पक्का आणि त्यावर माणसाचा श्वास, असं दोन्ही एकाच वेळी चालू. पुढच्या भागात जायची खूण व्हायब्राफोनवाला, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा, करतो. समोर हात हलवणारा कंडक्टर नाही. हा सगळा व्यवहार मला जॅझच्या लोकांचा वाटतो, एकमेकांकडे कान देऊन चालणारा.

आणि तसं वाटण्याला कारण आहे. राइश पोरवयात बीबॉप हा वेगवान जॅझ ऐकून ड्रम शिकायला लागला. पुढे विद्यार्थी असताना तो जॉन कोल्ट्रेन या जॅझ सॅक्सोफोनवादकाला ऐकायला जायचा, आणि कोल्ट्रेनच्या 'आफ्रिका/ब्रास'चं नाव त्यानं पुन्हा पुन्हा घेतलं आहे. ही रेकॉर्ड १९६१ची, इम्पल्स कंपनीची, तो ओळखीचा नारिंगी-काळा कणा असलेली. 'आफ्रिका' ही रचना सोळा मिनिटं, पूर्ण एक साइड, आणि जवळजवळ सगळी एका ई या स्वरावर उभी. कॉर्ड बदलत नाहीत. जे बदलतं ते बाकी सगळं: एल्विन जोन्सचे ड्रम, दोन दोन डबल बास, आणि हत्तींचा कळप दुरून यावा तसे फ्रेंच हॉर्न. आपल्याकडे षड्ज धरून तासभर बसायची सवय असलेल्या कानांना यात नवल वाटणार नाही. पण ज्या संगीतात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलत होते त्यात हे करणं किती धाडसाचं होतं, ते राइशच्या आधी आणि नंतर ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं. रेकॉर्डिंग रूडी व्हॅन गेल्डरचं.

'आफ्रिका/ब्रास'च्या वाद्यमेळाच्या मांडणीत एरिक डॉल्फी या जॅझवादकाचा मोठा हात आहे, म्हणून पुढे त्याची 'आउट टू लंच!' आली. २५ फेब्रुवारी १९६४ला ध्वनिमुद्रित झालेली. चारच महिन्यांनी, २९ जूनला, तो बर्लिनमध्ये गेला, वय ३६. हिच्यात पियानो नाही, त्या जागी बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन. ड्रमवर टोनी विल्यम्स, तेव्हा १८ वर्षांचा. दोघं मिळून इतकी मोकळी जागा ठेवतात की डॉल्फीचा बास क्लॅरिनेट तिथे माणसासारखा बोलतो. हाच डॉल्फी १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या ओहायच्या संगीत महोत्सवात एकट्या बासरीवर एडगार व्हारेज या आधुनिक संगीतकाराची 'डेन्सिटी २१.५' वाजवून आला होता, म्हणजे भर आधुनिक शास्त्रीयात.

व्हारेज म्हटलं की रॉकमधला फ्रँक झापा आलाच. झापानं शाळेच्या वयात व्हारेजची रेकॉर्ड मिळवली आणि जन्मभर त्याला आदर्श मानलं. १९६६च्या त्याच्या पहिल्याच रॉक रेकॉर्डच्या कव्हरवर व्हारेजचं वाक्य छापलेलं आहे. तिच्या बाजू मी ओळीनं ऐकल्या. शेवटची बाजू मला अजूनही लांबल्यासारखी वाटते, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रॉकमध्ये या दिवसांत मला खरं पकडून ठेवलं ते टॉक टॉकच्या 'स्पिरिट ऑफ ईडन'नं. १९८८. हाच बँड चार वर्षांपूर्वी 'इट्स माय लाइफ'सारखी सिंथेसायझरवरची गाणी करत होता. मग मार्क हॉलिस आणि मंडळी लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत शिरली, दिवे मालवले, एकेका वादकाला अंधारात बसवून वाजवायला लावलं, आणि तासन्‌तासांच्या त्या वाजवण्यातून हवे तेवढे क्षण वेचून रेकॉर्ड रचली. पहिल्या साइडची तीन गाणी सलग आहेत. सुरुवातीला एक ट्रम्पेट येतो, दूरचा, थोडा भिजल्यासारखा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि अचानक गिटार आणि माउथ ऑर्गन असे येतात की मी खुर्चीत ताठ झाले.

हिचं मागचं कव्हर वाचा. ट्रम्पेट हेन्री लोथर, म्हणजे जॅझचा माणूस. डबल बासवर डॅनी थॉम्पसन, लोकसंगीत आणि जॅझ दोन्हीकडे वावरलेला. व्हायोलिनवर नायजेल केनेडी, शास्त्रीयातला. चेम्सफर्ड कॅथीड्रलचं गायकवृंद. आणि एका नावापुढे 'शोझिग' हे वाद्य: ह्यू डेव्हिस. हा साठच्या दशकात श्टॉकहाउझेन या आधुनिक जर्मन संगीतकाराचा सहायक होता. विश्वकोशाच्या एका खंडाच्या पुठ्ठ्यात त्यानं हे वाद्य बसवलं, आणि त्या खंडाच्या कण्यावर 'एसएचओ ते झेडवायजी' अशी अक्षरं होती, त्यावरून शोझिग. रॉकच्या खणातली एक रेकॉर्ड आणि त्यात हे सगळे एकत्र बसलेले. पुढची 'लाफिंग स्टॉक' १९९१ साली निघाली ती तर व्हर्व या जॅझच्याच लेबलवर.

माझी 'ईडन'ची प्रत जुनी, हाताळलेली आहे. विकणाऱ्यानं 'जवळपास नवी' म्हणून पाठवली होती, निघाली तशी नाही. पहिल्या साइडवर त्या ट्रम्पेटनंतरच्या शांततेत एक चरा आहे, दर १.८ सेकंदांनी टक्‌ वाजतो, बारा-तेरा वेळा. पहिल्यांदा मी खूप वैतागले. परत पाठवायची म्हणून बांधूनही ठेवली होती. पण पाठवली नाही, कारण तोवर दुसरी साइड ऐकून झाली होती आणि ती निर्मळ होती. 'आय बिलीव्ह इन यू'मध्ये मुलांच्या आवाजातलं कोरस उघडतं ती जागा या प्रतीवर मला दुसरीकडे कुठेही ऐकली त्यापेक्षा खोल वाटते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग: हो, आवडतात, आणि मला आता ते तीन असे वेगळे जाणवत नाहीत. गेल्या आठवड्यात मी तिन्ही खण रिकामे केले. पॅर्टशेजारी जॅरेट, राइशशेजारी कोल्ट्रेन, डॉल्फीशेजारी व्हारेज आणि त्याला लागून झापा असं लावतेय. शोधायला त्रास होतो, हे खरं. काल रेडिओहेड या रॉक बँडची 'किड ए' कुठे ठेवायची यावर अडले. तिच्यातल्या 'इडिओटेक' या गाण्यातले कॉर्ड पॉल लॅन्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३च्या संगणकावर केलेल्या रचनेतले आहेत. बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडला ती १९७६च्या एका एलपीवर सापडली, दौऱ्यावर असताना जुन्या रेकॉर्ड चाळता चाळता. ती एलपी माझ्याकडे नाही. मिळेपर्यंत 'किड ए' आडवीच ठेवलीय.

तुम्हाला यातलं काही ऐकायचं असेल तर सुरुवात माझ्या यादीनं करू नका. तुमच्याकडे आधीच आवडती असलेली एखादी रेकॉर्ड घ्या, तिच्या मागच्या कव्हरवर सगळ्यात अनोळखी नाव कोणतं ते बघा, आणि तो माणूस आणखी कुठे वाजलाय ते शोधा. खाली रेकॉर्डचं नाव लिहिलंत तर मीही माझ्याकडचं कव्हर काढून बघते.