आई-बाबा पहिल्यांदाच दोन महिन्यांसाठी लंडनला येत आहेत. शनिवार-रविवारी त्यांना काय काय दाखवावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय सदुसष्ट, बाबांचं बहात्तर, बाबांचे गुडघे दुखतात, दोघंही पहिल्यांदाच परदेशी येताहेत, आणि तुम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर असल्यामुळे फिरायला फक्त शनिवार-रविवार मिळणार. सोबत पहिल्या शनिवारची यादीही दिली आहे: टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, लंडन आय, बिग बेन, बकिंगहॅम पॅलेस. माझं सांगणं एवढंच, की एका दिवसाला एकच ठिकाण ठेवा आणि तिथे जाण्या-येण्याचा प्रवास असा निवडा, की तो बसून होईल आणि खिडकीतून बघायला भरपूर असेल. मी तुमच्यासारखीच हॅरो भागात राहते. माझे आई-बाबा साताऱ्याहून आणि सासू-सासरे चिपळूणहून येऊन राहून गेलेत. त्या अनुभवावरून लिहिते.

पण शनिवारच्या आधी सोमवार ते शुक्रवारचं बघा. पाच दिवस घरात बसून खिडकीतून रस्ता बघितलेल्या माणसांना शनिवार कितीही भरगच्च केला तरी अपुराच वाटतो, आणि तुमच्यावर त्याचं ओझं येतं. म्हणून आल्या आठवड्यातच दोघांना वेगवेगळं ऑयस्टर कार्ड, म्हणजे बस-रेल्वेचं भाडं भरायचं कार्ड, घेऊन द्या. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही, आणि २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी एकदाच भाडं कापलं जातं, हे बाबांना नक्की सांगा, त्याने मनावरचा ताण जातो. घरापासून वेंबलीच्या ईलिंग रोडपर्यंतची एक बस दोन-तीनदा सोबत जाऊन दाखवा आणि मग दोघांना एकट्याने जाऊ द्या. तिथे गवार, कढीपत्ता, दुधी सगळं मिळतं, दुकानदारांशी हिंदी-गुजरातीत बोलता येतं. पिशवीभर भाजी स्वतः निवडून आणली, की परक्या देशातही आपलं काही चालतं असं त्यांना वाटायला लागतं.

माझ्या सासऱ्यांचा सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. पहिल्याच आठवड्यात स्टॉपवर व्हीलचेअरवरच्या एक बाई थांबल्या होत्या. बस आली, फुटपाथच्या बाजूला थोडी खाली झुकली, मधल्या दाराखालून पीं-पीं आवाज करत एक फळी बाहेर सरकली, बाई आत गेल्या आणि फळी परत आत. ड्रायव्हर शांत बसून होता, मागचं कुणी हॉर्न वाजवलं नाही. सासरे म्हणाले, "आपण पुढच्या बसने जाऊ, मला ते परत बघायचंय." त्या दिवशी आम्ही बाजारात उशिरा पोचलो, पण रात्री चिपळूणला फोनवर त्यांनी सगळ्यात आधी त्या फळीबद्दलच सांगितलं. तुमचे बाबा काय काम करत होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. जे काही करत असतील, त्यातलं इथे काय बघता येईल याचा विचार आधी करा.

आता मोठ्या दिवसांकडे येते. एकच सहल ठरवायची असेल तर ग्रिनिच ठरवा, तिथली जुनी वेधशाळा बघायला. बँक स्टेशनवरून डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे, घ्या. या गाडीला पुढे ड्रायव्हरची केबिन नसते, त्यामुळे अगदी पुढच्या बाकावर बसलं की समोर नुसते रूळ दिसतात. डीएलआरच्या सगळ्या स्टेशनांवर जिने टाळून जायची सोय आहे, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नाही. वेधशाळा मात्र टेकडीवर आहे आणि बागेतून वर जाणारी वाट चांगलीच चढाची आहे. बाबांसाठी टॅक्सी करून मागच्या बाजूच्या ब्लॅकहीथ गेटवर उतरा. तिथून वेधशाळेपर्यंत झाडांमधून सपाट रस्ता आहे. येताना उतार हळूहळू उतरता येतो.

पावणेएकपर्यंत वर पोचायचा प्रयत्न करा. वेधशाळेच्या छपरावर एका खांबात ओवलेला लाल गोळा आहे. बाराला पंचावन्न मिनिटांनी तो खांबाच्या निम्म्यापर्यंत चढतो, अठ्ठावन्न मिनिटांनी टोकाला जातो आणि बरोबर एक वाजता खाली पडतो. थेम्समधल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८३३ मध्ये ही सोय केली. वारा फार असेल तर गोळा चढवत नाहीत, आणि वेधशाळेत कधी दुरुस्तीची कामं चालू असतात, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघा. सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं, भारतातलीच वेळ ठेवली होती. गोळा पडला तेव्हा त्यात साडेपाच वाजले होते. उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून फरक साडेचार तासांचा राहतो. मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ कसं होतं आणि ते मोडून साडेपाच तासांची भारतीय वेळ सगळीकडे रुळायला किती वर्षं गेली, यावर आम्ही बाकावर बसून दशम्या खाल्ल्या तोवर ते बोलत होते.

परत येताना ग्रिनिचच्या धक्क्यावरून वेस्टमिन्स्टरला जाणारी बोट घ्या. ऑयस्टर कार्ड तिथेही चालतं, आत बसायला जागा आणि स्वच्छतागृह असतं. बोट टॉवर ब्रिजच्या खालून जाते, मग उजवीकडे टॉवर, पुढे सेंट पॉलचा घुमट, डावीकडे लंडन आय आणि समोर बिग बेन. तुमची यादी, पॅलेस सोडून, अशी बसल्याजागी होते.

टॉवरच्या आत जायचंच असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. कोहिनूर बघायचा हट्ट आपल्याकडच्या बहुतेकांचा असतोच, आणि तो योग्यच आहे. सकाळी दार उघडल्याबरोबर सरळ ज्वेल हाउसमध्ये जा. मुकुटांच्या काचांसमोर सरकता पट्टा आहे, गर्दी नसेल तर पुन्हा फेरी मारता येते. कोहिनूर १९३७ साली तेव्हाच्या राणीसाठी घडवलेल्या मुकुटात आहे. बाकी बुरुजांचे दगडी जिने अरुंद आहेत, ते बाबांनी सोडून दिले तरी चालतील. तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर आहे. ते आधीच ऑनलाइन काढून ठेवा आणि आकडा दाखवू नका. रुपयांत गुणाकार झाला, की आपले वडील दारातूनच माघारी फिरायला बघतात.

पावसाच्या दिवसासाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम राखून ठेवा. प्रवेश फुकट, लिफ्ट, बसायला जागा, शिवाय दालनांमध्ये आपल्या देशातल्या वस्तू. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ, खाली पडलेल्या गोऱ्या शिपायावर बसलेला, इथेच आहे आणि त्याच्या पोटात वाजणारी पेटी आहे. वाघनखांबद्दल मराठी पाहुणे हमखास विचारतात. ती २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात नेली, आधी साताऱ्यातच ठेवली. माझ्या बाबांनी ती गावातल्या संग्रहालयात रांग लावून पाहिली आणि मग इथे येऊन, ती एवढी वर्षं कुठल्या इमारतीत होती हे मुद्दाम बघितलं. ग्रँट डफ साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होता, त्याच्या घराण्याकडून ती या म्युझियमला आली. तीच खरोखर महाराजांची का, यावर इतिहासकारांत वाद आहे, तोही बाबांना सांगा.

प्रिमरोझ हिलजवळच्या १० किंग हेन्रीज रोडला जायला विसरू नका. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. आजूबाजूला रस्ता अगदी साधा, घरांची एकसारखी ओळ. माझी आई तिथल्या खोलीत बराच वेळ उभी राहिली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "इतक्या लांब, इतक्या थंडीत, एकट्याने." तिथून टेकडीच्या पायथ्याशी असलेली बाग जवळ आहे, चढायचं नसेल तर खालच्या बाकावरच बसा.

बाहेरगावी जायची घाई करू नका. स्टोनहेंजला दिवसभर जाण्या-येण्यात जातो आणि दगड दुरून बघायचे. ब्रायटनला रेल्वेने तासाभरात पोचता येतं, पण कोकणातल्या माणसाला तिथे वाळू नसलेला किनारा बघून वाईट वाटतं, नुसते गोटे. सासूबाईंनी चपला काढल्याच नाहीत.

आता बारीकसारीक. जूनमध्येही नदीवर वारा बोचतो, म्हणून दोघांच्या पिशवीत कानटोपी आणि मोजे असू द्या. आईंच्या पर्समध्ये एक रिकामी पाण्याची बाटली ठेवा, इथल्या स्वच्छतागृहांत फक्त कागद असतो आणि त्या स्वतःहून मागणार नाहीत. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची स्वच्छतागृहं २०१९ पासून फुकट आहेत, रस्ता आखताना ती धरून आखा. डबा घरूनच न्या. जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सकाळी घाई न करता अकराला निघालात तरी उजेडातच परत याल. शनिवारी बाहेर गेलात तर रविवार घरी. त्या दिवशी त्यांना तुमचं ऑफिस कुठल्या दिशेला आहे, तुम्ही रोज कुठल्या स्टेशनवर गाडी बदलता, ते दाखवायला संध्याकाळी तासभर घेऊन जा. माझ्या आईने म्युझियमपेक्षा जास्त प्रश्न त्या फेरीत विचारले.

शेवटचा शनिवार-रविवार मोकळाच ठेवा. तो बॅगा भरण्यात, वजनकाट्यावर चढवण्यात आणि शेजारपाजारच्यांसाठी चॉकलेटं आणण्यात जातो. प्रवासाचा आरोग्य विमा अजून काढला नसेल तर तिकिटाच्या तारखेपासूनचा आजच काढा, आणि बाबांच्या गोळ्या दोन महिन्यांना पुरून पंधरा दिवसांच्या उरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.