पहिल्या सेशनच्या आधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

थेरपी घ्यायचं ठरवलंस, पण 'सगळं पुन्हा उगाळावं लागेल का' या भीतीने पहिली वेळ दोनदा पुढे ढकललीस, असं तुझ्या पत्रात आहे. त्याचं उत्तर आधी देते. पहिल्या दिवशी तर नाहीच, आणि काही पद्धतींत घटनेचा तपशील शेवटपर्यंत सांगावा लागत नाही. पण वेळ पुढे का ढकलली गेली, याबद्दल मात्र बोलावंच लागेल. आघातानंतरचा त्रास वर्षानुवर्षं टिकतो, त्यात टाळण्याचा वाटा फार मोठा असतो.

घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडते, माणूस दचकतो, तेच दृश्य डोळ्यांसमोर येतं. हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. म्हणून महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या या मानसिक त्रासाचं, निदान करत नाहीत. ज्यांचं ओसरत नाही, त्यांच्यात एक चक्र दिसतं. आठवण आली की धोका आत्ता समोर उभा असल्यासारखी छाती धडधडते, हातपाय गार पडतात. मग तो रस्ता, तो वास, तो विषय टाळला जातो. लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मन शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी टाळायच्या गोष्टींत आणखी एकीची भर पडते. टाळणं दरवेळी भित्रेपणासारखं दिसत नाही, हेही लक्षात ठेव. रात्रंदिवस कामात बुडून राहणं, झोपेपर्यंत मोबाईल, दारू, प्रत्येक गंभीर बोलण्यावर विनोद, आणि थेरपिस्टसमोर बसून पाऊण तास ऑफिसातल्या कटकटी सांगणं, हे सगळं त्यातच येतं.

पहिल्या भेटीत तूही प्रश्न विचार. आघातावर तुम्ही कोणती पद्धत वापरता? तिचं प्रशिक्षण घेतलंय का? साधारण किती सेशन लागतील? सुधारणा कशी मोजणार? दोन सेशनच्या मध्ये फार त्रास झाला तर मी काय करायचं? चांगल्या थेरपिस्टला असे प्रश्न खटकत नाहीत. 'बघू, बोलत राहू' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं कुणी शोध. नुसतं आपुलकीने ऐकून घेतल्याने धीर येतो, पण हे चक्र सहसा तेवढ्याने तुटत नाही. गोपनीयतेची मर्यादाही विचारून घे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर थेरपिस्टला इतरांना सांगावं लागू शकतं. आणि 'तुझ्या मनात आठवणी दडल्यात, संमोहनाने बाहेर काढू' असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ ऊठ. सूचनेच्या प्रभावाखाली न घडलेल्या गोष्टीही खऱ्याइतक्या स्पष्ट 'आठवू' शकतात.

भरपूर पुरावा असलेल्या तीन पद्धती तुझ्या कानावर येतील. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, साधारण 12 सेशनची. घटना का घडली असं तुला वाटतं, आणि स्वतःबद्दल, माणसांबद्दल, जगाबद्दल तुझं मत त्यामुळे कसं बदललं, हे सुरुवातीलाच पानभर लिहायला सांगतात. त्यातून अडकलेले विचार सापडतात. 'मी ओरडले असते तर हे झालं नसतं' हा त्यातला नेहमीचा. मग तो विचार तक्त्यावर मांडून तपासायचा: त्या क्षणी तुला खरंच काय माहीत होतं, कोणते पर्याय होते, शरीर गोठणं ही आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे हे हिशेबात धरलं का. शेवटी तेच पान नव्याने लिहितात आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. घटनेचा तपशील न सांगताही ही पद्धत पूर्ण करता येते.

प्रोलाँग्ड एक्सपोजरमध्ये मात्र तपशील लागतो. साधारण 8 ते 15 सेशन, बहुधा दीड तासाची. डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची, 30 ते 45 मिनिटं, पुन्हा पुन्हा. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. सोबत टाळलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला भीतीचे 0 ते 100 गुण द्यायचे आणि मधल्या, म्हणजे 40-50 गुणांच्या गोष्टीपासून सुरुवात करायची. तिथे अर्धा-पाऊण तास, किंवा भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. गडबड होते ती इथे. भीती शिगेला असताना निघून आलं, तर 'पळालो म्हणून वाचलो' हाच धडा पक्का होतो. दाराजवळच बसणं, हातात फोन घट्ट धरून ठेवणं, दरवेळी कुणाला तरी सोबत नेणं, यानेही काम अर्धवट राहतं, कारण श्रेय त्या फोनला जातं. खरोखर धोक्याची जागा या यादीत कधीच नसते, हे मुद्दाम सांगते. ज्या घरात मारहाण अजून चालू आहे तिथे आधी सुरक्षितता, मग बाकीचं.

तिसरी ईएमडीआर, फ्रान्सिन शापिरो यांनी 1980च्या दशकाच्या शेवटी मांडलेली. त्या प्रसंगाचं चित्र, त्याला चिकटलेला विचार आणि शरीरातली संवेदना मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची, आणि प्रत्येक फेरीनंतर मनात काय आलं ते थोडक्यात सांगायचं. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर संशोधकांत वाद आहे. उपचाराचा गुण येतो याबद्दल पुरेसा पुरावा आहे. तिन्हींपैकी कोणती निवडायची यावर फार डोकं शिणवू नकोस. जिचं नीट प्रशिक्षण घेतलेला माणूस तुला मिळतो आणि ज्याच्यासमोर तुला मोकळं बसवतं, ती घे.

आठवणींना हात घालण्याआधी भानावर यायचं तंत्र शिकवतात. पाय जमिनीवर दाबून दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, तीन आवाज, दोन वास, एक चव, आणि मग आजची तारीख नि जागा मोठ्याने म्हणायची. किंवा चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. शांत असताना रोज सराव कर. भर फ्लॅशबॅकमध्ये, म्हणजे ती घटना आत्ताच पुन्हा घडतेय असं वाटत असताना, पहिल्यांदा करून बघशील तर जमणार नाही. काहींची घबराट श्वासाकडे लक्ष गेल्याने उलट वाढते, त्यांनी नजर आणि पावलं वापरावीत. आणि एक खोच आहे. जराशी अस्वस्थता आली की लगेच हे तंत्र काढलं, तर तेही टाळण्याचंच साधन होऊन बसतं.

पहिल्या काही आठवड्यांत स्वप्नं वाढू शकतात, चिडचिड होते. उपचार सोडायची इच्छा बऱ्याच जणांना इथेच होते. सेशनच्या दिवशी नंतरचे दोन तास मोकळे ठेव. परीक्षा, मुलाखत, भांडणं त्या दिवशी नकोत. छाती धडधडली, रडू आलं तर तो कामाचाच भाग आहे. पण मधला वेळच आठवत नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते, पिणं वाढलंय, असं झालं तर लगेच सांग. वेग कमी करावा लागेल. मरण्याचे विचार आले तर पुढच्या सेशनची वाट न बघता जवळच्या माणसाला आणि तातडीच्या सेवेला फोन कर. लहानपणापासून वर्षानुवर्षं आघात होत आलेले असतील तर जास्त वेळ लागू शकतो. 2022पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' असं त्याला वेगळं निदानही आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांचा इथेही उपयोग होतो, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि ती मनाने बंद करायची नसतात. डायझेपामच्या जातीच्या शामक गोळ्या तात्पुरती धार बोथट करतात, आणि त्यांची सवय लागते.

सुधारणा अंदाजाने ठरवू नकोस. पीसीएल-5 नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली असते, 0 ते 80 गुणांची. ती दर आठवड्या-पंधरवड्याला भर. साधारण 10 गुण उतरले तर फरक खरा मानतात. सहा-आठ सेशननंतरही आकडा जागचा हलला नसेल, तर ते कागद समोर ठेवून स्पष्ट विचार: आपण टाळतोय का, गृहपाठ होतोय का, की पद्धतच बदलायला हवी? थेरपिस्ट बदलावा लागला तर त्यात बेइमानी काही नाही. आणि त्रास थोडा कमी होताच 'आता नको' म्हणून निघू नकोस. यादीतली सर्वांत वरची गोष्ट बहुधा तेव्हा शिल्लकच असते.

पहिल्या सेशनला एक कागद ने. तीन ओळी पुरेत: सध्या सर्वांत जास्त कशाचा त्रास होतो, काय काय टाळलं जातंय, आणि हे सुटलं तर कोणती गोष्ट पुन्हा करायची आहे. घटनेबद्दल विचारलंच तर एका वाक्यात सांग आणि 'तपशील आत्ता नको' म्हण. तेवढं चालतं. यावेळी जायचं नाही असं आतून फार वाटलं, तर जा, आणि गेल्यावर पहिलं वाक्य तेच म्हण.

तारीख ठरली की कळव.