‘बिहेस्ट’च्या आधी ‘ऑन’ की ‘ॲट’?

प्रश्न : मी एका सहकारी पतसंस्थेत लेखनिक आहे. ‘अध्यक्षांच्या सांगण्यावरून ही विशेष सभा बोलावण्यात आली’ हे वाक्य लेखापरीक्षकांना पाठवायच्या इंग्रजी पत्रात लिहिताना मी ‘ऑन द बिहेस्ट ऑफ द चेअरमन’ असा प्रयोग केला. नव्याने रुजू झालेल्या एका ताईंचे म्हणणे असे की, तेथे ‘ॲट’ हवे. शिवाय अध्यक्षांच्या बाबतीत हा शब्दच बरा नव्हे. वर्तमानपत्रांत तर मी ‘ऑन द बिहेस्ट’ कितीदा वाचले आहे. मग बरोबर काय? – एक वाचक, कराड

उत्तर : ‘ॲट’बद्दल ताईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. आजच्या इंग्रजीत ‘बिहेस्ट’ हा शब्द जवळजवळ एकाच ठरीव प्रयोगात उरला आहे आणि तो प्रयोग म्हणजे ‘ॲट द बिहेस्ट ऑफ’. व्यक्तीऐवजी सर्वनाम आले तर ‘ॲट हर बिहेस्ट’, ‘ॲट देअर बिहेस्ट’ असे होते. ‘ॲट’ मात्र हलत नाही. ‘ऑन’, ‘अंडर’ किंवा ‘बाय’ लावून केलेले प्रयोग छापून आलेले दिसतात, पण प्रमाण लेखनात ते चूकच धरले जातात. या शब्दाचे क्रियापदही आज वापरात नाही, त्यामुळे ‘मी तुम्हांला बिहेस्ट करतो’ अशा धर्तीचे वाक्य इंग्रजीत होऊ शकत नाही. उच्चारताना जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘हेस्ट’वर, द्यावा.

आपल्या हातून ‘ऑन’ का पडते याचे कारण आपल्याच भाषेत आहे. सांगण्यावरून, विनंतीवरून, हुकमावरून, तक्रारीवरून, सल्ल्यावरून असे सगळीकडे आपण ‘वरून’ लावतो आणि इंग्रजी लिहायला बसलो की त्या ‘वरून’चे ‘ऑन’ आपसूक होऊन जाते. इंग्रजीनेही आपली थोडी पंचाईत केलेली आहे, कारण ‘ऑन द ऑर्डर्स ऑफ’ आणि ‘ऑन द ॲडव्हाइस ऑफ’ हे प्रयोग तेथे शुद्ध आहेत. परंतु ‘ॲट द रिक्वेस्ट ऑफ’, ‘ॲट द इन्व्हिटेशन ऑफ’, ‘ॲट द सजेशन ऑफ’, ‘ॲट द इन्सिस्टन्स ऑफ’ ही एक वेगळी मालिका आहे. ‘बिहेस्ट’ या मालिकेतला आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुन्हा अडायला होत नाही. उमेदवारीच्या काळात एका बातमीच्या भाषांतरात मीही ‘ऑन द बिहेस्ट’ लिहिले होते. वरिष्ठ उपसंपादकांनी तो ‘ऑन’ लाल शाईने खोडून समासात नुसते ‘ॲट’ लिहिले. ते लाल अक्षर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता अर्थाकडे वळू. हा शब्द आज्ञा सांगतो की विनंती, असे बरेच वाचक विचारतात. तो दोन्ही सांगू शकतो. मात्र विनंती असली तरी ती वजनदार, सहसा मोडता न येणारी असावी लागते. शेजाऱ्याने वाटीभर साखर मागितली तर तेथे ‘बिहेस्ट’ शोभणार नाही. सरकारच्या सांगण्यावरून एखाद्या समितीने पाहणी केली, किंवा वडिलांच्या आग्रहाखातर मुलाने वकिलीचा अभ्यास धरला, तर तेथे तो नेमका बसतो. शब्दाचा इतिहासही रंजक आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ ‘वचन’ किंवा ‘नवस’ असा होता आणि त्याच्या शेवटी ‘ट’ नव्हता. तो पुढे येऊन चिकटला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत उतरवलेल्या बायबलमध्ये देवाने वचन म्हणून दिलेल्या भूमीला ‘बिहेस्टची भूमी’ असेच म्हटले आहे. पुढे वचनाचा अर्थ मागे पडून आज्ञेचा अर्थ रूढ झाला.

अध्यक्षांच्या बाबतीत हा शब्द वापरू नये, हा ताईंचा आक्षेप व्याकरणाचा नाही. तो औचित्याचा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. ‘ॲट द बिहेस्ट ऑफ’ म्हणताना करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा, हे चित्र उभे राहते, आणि वाचकाचे लक्ष करवून घेणाऱ्याकडे जाते. आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांनी हा शब्द ‘अमक्या नेत्याच्या इशाऱ्यावरून अधिकाऱ्यांनी कारवाई केली’ अशा बातम्यांत इतका वापरला आहे की त्याला संशयाची छटा चढली आहे. मुळात ती छटा त्यात नाही, हे खरे; पण पत्र वाचणारे लेखापरीक्षक इथलेच आहेत. अध्यक्षांनी अधिकारात दिलेला निर्देश त्यांना वैयक्तिक दबावासारखा वाटू नये यासाठी आपण ‘ॲज डायरेक्टेड बाय द चेअरमन’ असे लिहावे, आणि केवळ विनंती असेल तर ‘ॲट द रिक्वेस्ट ऑफ द चेअरमन’ पुरेसे आहे.

प्रश्न : ‘ॲट द बिक्वेस्ट ऑफ’ आणि ‘ऑन बिहाफ ऑफ’ हे याच अर्थाचे प्रयोग आहेत का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाहीत. ‘बिक्वेस्ट’ म्हणजे मृत्युपत्राने दिलेली मालमत्ता. उच्चाराच्या साधर्म्यामुळे हा घोटाळा होतो आणि संगणकावरील शुद्धलेखन तपासणी तो पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

‘ऑन बिहाफ ऑफ’ म्हणजे ‘च्या वतीने’. सरपंचांच्या वतीने ग्रामसेवकांनी पत्र लिहिले, तर ते पत्र सरपंचांचे ठरते. सरपंचांच्या सांगण्यावरून लिहिले, तर पत्र ग्रामसेवकांचेच राहते, सांगणारे तेवढे सरपंच. आपल्या शासन निर्णयांच्या अखेरीस ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते. राज्याचा कार्यकारी निर्णय राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावा, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद 166 मध्ये म्हटले आहे. त्या एका ओळीत आदेश आणि नाव या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगितलेल्या आहेत, आणि इंग्रजीतही ती ‘बाय ऑर्डर अँड इन द नेम ऑफ’ अशी दोन्ही अंगांनी लिहितात. तेथे ‘बिहेस्ट’ घालण्याचा मोह कोणत्याही अनुवादकाने धरू नये.

प्रश्न : न्यायालयीन निकालांत ‘आरोपीच्या बिहेस्टवरून सुरा जप्त’ अशा अर्थाची इंग्रजी वाक्ये येतात. मराठीत ‘आरोपीच्या आदेशावरून’ म्हणावे का? – अनुवादाचे काम करणारी एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपया म्हणू नये. कोठडीतला आरोपी पोलिसांना आदेश देत नाही. तेथे ‘ॲट द बिहेस्ट ऑफ’ किंवा ‘ॲट द इन्स्टन्स ऑफ’ याचा अर्थ एवढाच की, आरोपीने दिलेल्या माहितीमुळे ती वस्तू सापडली. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 27 नुसार अशा माहितीचा, वस्तू सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुरावा म्हणून सिद्ध करता येत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम 23 च्या परंतुकात आली आहे. म्हणजे तेथे सगळे वजन आरोपी काय बोलला यावर असते, आणि ‘आदेश’ किंवा ‘विनंती’ या शब्दांनी नेमके तेच झाकले जाते. आरोपीने दिलेली माहिती पंचांसमक्ष ज्यात नोंदवतात त्या कागदाला पोलीस निवेदन पंचनामा म्हणतात; त्यातलाच शब्द उचलून ‘आरोपीने केलेल्या निवेदनावरून सुरा जप्त करण्यात आला’ असे लिहावे. येथे ‘वरून’ अगदी योग्य जागी आहे.