बर्कलीला निघालीस, तर हे वाच

चि. … हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत डेटा सायन्सच्या पदवीला निघालीस. लॅपटॉप कुठला घेऊ, कोर्स कुठले घेऊ, इंटर्नशिप कधीपासून शोधू, असं सगळं विचारलंयस. लॅपटॉपचं आधी उरकते. तिथे सुरुवातीच्या कोर्सची नोटबुकं, म्हणजे कोड लिहायची पानं, विद्यापीठाच्या सर्व्हरवर चालतात, ब्राउझर उघडला की झालं. आहे तोच लॅपटॉप ने आणि बाबांचे पैसे वाचव.

पहिल्या सेमिस्टरला डेटा ८ हा डेटा सायन्सचा सुरुवातीचा कोर्स घे. बारावीचं गणित उत्तम झालेल्या मुलीला पहिले दोन आठवडे वाटेल, हे काय बालवाडीतलं चाललंय, मला थेट वरच्या वर्गात बसवा. तरी तिथेच बस. २०१५ साली सुरू झालेला हा कोर्स मुद्दामच असा रचलाय, की इतिहास शिकणाऱ्या मुलालाही पहिल्या दिवसापासून बसता यावं. त्यात सूत्रं पाठ करायची नसतात. दोन गटांत खरोखर फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने किती फरक दिसला असता? हे पाहायला कॉम्प्युटरवर गटांच्या नावांच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा पिसायच्या आणि प्रत्येक वेळी काय निघतं ते मांडायचं. हे एकदा स्वतः केलं की पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, कोणाकडून समजावून घ्यावी लागत नाही. आपल्याकडे प्रमाण विचलनाचं सूत्र येतं, गणितंही सुटतात. ते आकडे कोणी आणि कसे गोळा केले, हे मात्र पेपरात कधी विचारत नाहीत. हा कोर्स उभा करणाऱ्यांपैकी अनी अधिकारी कोलकात्याच्या आयएसआयमध्ये, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेत, शिकलेल्या आहेत. संभाव्यतेवरचा डेटा १४० त्यांनीच घडवलाय. तो पुढे जरूर घे, पण तयारी करून. तिथे बालवाडी नाही.

वर्गात मुलं हजाराच्या वर असू शकतात, हे बघून दचकू नकोस. खरी शिकवणी सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या गटाच्या तासाला, आणि ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शंका विचारायच्या वेळेत होते. काही अडलं नसलं तरी तिथे जाऊन बस, दुसऱ्यांचे प्रश्न ऐक. आपल्या मुलांना संकोच फार. शंका विचारली तर मठ्ठ दिसू असं वाटतं, आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं एकदम अंगावर येतं. आणि हो, १० चा तास तिथे १० वाजून १० मिनिटांनी सुरू होतो, त्याला बर्कली टाइमच म्हणतात. पुणेरी माणसाला जड जाईल, पण सवय होते.

आता मला खरं सांगायचंय ते. तिथल्याच प्रवेशांचं एक उदाहरण तुला वर्गात भेटेलच. १९७३ मध्ये बर्कलीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. सरळ भेदभाव, असंच कोणीही म्हणेल. पण प्रवेश विद्यापीठ देत नव्हतं, एकेक विभाग देत होता. विभागवार पाहिलं तेव्हा चित्र पालटलं. सहा मोठ्या विभागांपैकी चारांत बायकांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण पुरुषांहून जास्त निघालं. एका विभागात तर बायकांचं ८२ टक्के, पुरुषांचं ६२. बायकांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. १९७५ मध्ये यावरचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. एकत्र आकडे एक सांगतात आणि गटवार उलट, म्हणून सगळे याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणून शिकवतात आणि पुढे जातात. तू लेखकांची नावं बघ: बिकेल संख्याशास्त्रज्ञ, हॅमेल मानववंशशास्त्रज्ञ, ओकॉनेल तिथल्याच प्रवेश-कचेरीची माहिती सांभाळणारे. अर्ज कोणाच्या टेबलावर जातो हे ठाऊक असल्याशिवाय तक्ता कुठे कापायचा हे सुचलं नसतं. आणि मुळात बायका त्याच विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न उरतोच. त्याची मुळं शाळेपर्यंत जातात, हेही त्या लेखात आहे. वर्गात बहुधा तेवढं राहून जातं.

म्हणून पदवीसाठी जो ‘डोमेन एम्फसिस’ घ्यावा लागतो, म्हणजे एखाद्या विषयातले ठरावीक कोर्स, तो सोपे मार्क बघून उरकू नकोस. मुलं तो शेवटी, वेळापत्रकात जागा उरेल तिथे कोंबतात. मला विचारशील तर आधी तोच ठरव. तू लातूरची, पाणी किंवा शेती घे.

तुला एक धागा दाखवते. बर्कलीत संख्याशास्त्राचा पाया घातला तो १९३८ मध्ये आलेल्या येर्झी नेमन यांनी. त्याआधी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. तिथे त्यांच्याजवळ शिकलेल्यांत साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. १९३६ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली. भारतात परतल्यावर त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली: शेतात यादृच्छिक जागा निवडायची, ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. तुकडा अगदी लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवलं. कारण साधं आहे. तुकड्याच्या कडेवरचं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, हे माणूस ठरवतो आणि त्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी कड भारी. यावरून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं. आज पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे मुख्यतः महसूल मंडळातल्या अशाच प्रयोगांच्या सरासरीवर ठरत आलंय. आता त्यात उपग्रहाची चित्रंही आली. तू त्यावर मॉडेल बांधशील तेव्हा कडेवरच्या त्या ताटाचं काय झालं, हे विचारणारं वर्गात कोणीतरी हवं. लातूरच्या मुलीला ते जमायला हरकत नाही. सुट्टीत लातूरला गेलीस तर एक कापणी प्रयोग उभं राहून बघ. त्यासाठी चपला झिजवाव्या लागतात, तलाठ्यामागे फिरावं लागतं, आणि ते कुठल्याही रेझ्युमेत नीट मांडता येत नाही.

इंटर्नशिपचं पहिल्या वर्षी मनावर घेऊ नकोस. त्याऐवजी यूरॅप बघ. त्यात प्राध्यापकांच्या संशोधनात पदवीच्या मुलांना काम मिळतं. संख्याशास्त्राबाहेरच्या विभागांतही अर्ज कर. तिथे बहुतेक वेळा विस्कटलेल्या एक्सेल फायली साफ कराव्या लागतात. कर ते काम. त्यातच कळतं, की रिकाम्या खान्याचे अर्थ अनेक असतात.

कॅम्पसमधल्या स्प्राउल प्लाझावर क्लबांची मुलं हातात पत्रकं कोंबतील. बड्या क्लबांना अर्ज, मुलाखती, मग नकार. अठराव्या वर्षी एका क्लबने नाकारलं म्हणून रडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. तो क्लब आहे, यूपीएससी नव्हे. एखाद्या गाण्याच्या किंवा डोंगर चढणाऱ्या गटात जा, तिथे तुला कोणी मुलाखतीत नमुना केस, म्हणजे एखाद्या कंपनीची कल्पित अडचण, सोडवायला सांगणार नाही.

गृहपाठ चॅटबॉटकडून करून घेण्याबद्दल प्रत्येक कोर्सचे नियम वेगळे, ते वाच. नियमांपलीकडे माझं मत हे: ऑटोग्रेडरची, म्हणजे उत्तरं आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, हिरवी खूण मिळवणं आता कोणालाही जमतं. हिस्टोग्राम, म्हणजे आकड्यांचा स्तंभालेख, बघून ‘हा उंचवटा इथे का?’ असं सुचणं मात्र रोज थोडं थोडं चुकत, खोडत येतं.

वसतिगृहात ब्लॅकवेल हॉल मिळाला तर त्या नावामागचा माणूस शोध. १९४२ मध्ये नेमनना संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लॅकवेल बर्कलीत हवे होते. ब्लॅकवेल कृष्णवर्णीय असल्याने नेमणूक झाली नाही. पुढे १९५० च्या दशकात ते आलेच आणि विभागप्रमुखही झाले. एनव्हिडियाच्या ज्या चिपचं तू कौतुक करत होतीस, तिला त्यांचंच नाव आहे.

ऑगस्टच्या शेवटी सत्र सुरू होतं. कॅलिफोर्निया म्हणून नुसते टी-शर्ट भरू नकोस. खाडीवरून धुकं येतं आणि ऐन ऑगस्टात संध्याकाळी कुडकुडायला होतं. दोन स्वेटर हातातल्या बॅगेत ठेव. उतरलीस की फोन कर, मी बार्ट रेल्वेने घ्यायला येईन.

तुझी,
मावशी