एमजीबीच्या जोड-कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), पॉइंट्स (ठिणगी पाडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) तपास. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ‘कार्ब्युरेटरचा त्रास’ म्हणून जे सांगतात, ते बरेचदा इग्निशनचं दुखणं निघतं.

मग एअर फिल्टर काढून दोन्ही एसयूंचे (एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरांचे) आतले पिस्टन उचलून सोड. खाली टेकताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज हवा. आला नाही, तर जेट (पेट्रोल येण्याची बारीक नळी) मध्यावर नाही किंवा डॅशपॉट (पिस्टन सरकतो तो वरचा डबा) मळलाय.

इंजिन पुरतं गरम झालं की दोन्ही थ्रॉटल (हवेच्या झडपा) जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल कर. ही पायरी नवखे हमखास गाळतात, आणि मग एक स्क्रू फिरवला की दुसरंही कार्ब्युरेटर हलतं. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धर. आयडल (गाडी उभी असतानाचा वेग) स्क्रूने दोन्हीकडची फुसफुस सारखी कर. महागडं मीटर नसलं तरी चालतं, कान पुरतो.

हवा-पेट्रोलचं मिश्रण त्यानंतरच. पिस्टन जेमतेम १ मिमी उचल. आरपीएम वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरलं तर कमी. क्षणभर चढून जागेवर आला की झालं. जेटखालचा नट एका वेळी एकच पैलू (षटकोनी नटाची एक बाजू) फिरव, शेवटी क्लॅम्प आवळ.

तरीही आयडल भटकतंय? थ्रॉटल स्पिंडल (झडपेचा दांडा) हलवून बघ. ढिला लागला तर तिथून हवा शिरतेय. ट्यूनिंग सोड, बुश (दांड्याभोवतीची कडी) बदल.