कोल्हापुरात दिल्लीच्या अमेरिकन दूतावासासारखी जाळी आणि पाण्याचा चौक चालेल का?

कळंब्याकडच्या बंगल्यासाठी तुम्ही हे विचारलंय. जाळी करा, पाणी नको.

अमेरिकन वास्तुकार एडवर्ड ड्युरेल स्टोनची ती दूतावासाची इमारत 1959 साली खुली झाली. भोवती भोकाभोकांच्या भिंतीसारखी जाळी, बाहेर झेपावलेलं छप्पर, आत पाणी. दिल्लीचा मे कोरडाठाक. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते, म्हणून गारवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओलीगच्च. वाफ होणार कशी? कपाटात बुरशी आणि घरभर डास मात्र हमखास. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी वर्षभर हौद घासत बसणं कुणी सांगितलंय! चौक उघडा ठेवा, छपराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत घ्या. 1000 चौरस फूट छपरावर 1000 मिमी पाऊस पडला, तर वीस टक्के वाया गेलेलं धरूनही 74,000 लिटर येतं. पहिल्या सरींचं घाण पाणी बाहेर सोडायला पाइपला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा.

जाळी पश्चिमेलाच हवी, कारण तिरपं ऊन छज्जा अडवत नाही. पण झड तिकडूनच येते. म्हणून जाळी भिंतीपासून 3 फूट लांब, मधल्या फरशीला बाहेर फुटाला पाव इंच ढाळ, आणि जाळीच्या तळाशी पाणी जायला फटी. खिडकीला चिकटून जाळी बसवली की पाणी आत येतं, शिवाय धूळ-कोळिष्टकं काढायला हात शिरत नाही. भोकं 2 इंचांच्या आत ठेवा, नाहीतर पारवे संसार मांडतात. सिमेंटच्या जाळीत सळई वरवर असेल तर गंजून फुगते आणि टवके उडतात. भाजलेल्या मातीची घ्या, दर 4 फुटांवर काँक्रीटची चौकट द्या.

दक्षिणेला जाळीवर पैसे घालू नका. 4 फूट उंच खिडकीवर लगेच 2 फुटांचा छज्जा आला की एप्रिलच्या भर दुपारी पूर्ण सावली. डिसेंबरात दुपारी सूर्य साधारण 50 अंशांवर असतो, तेव्हा खालच्या दीड फुटावर ऊन येतं, आणि ते हवंच असतं.

भिंतीला जांभा चालेल. मात्र तो पाणी पितो, तेव्हा जोतं 2 फुटांपर्यंत काळ्या दगडाचं, त्यावर ओल अडवणारा थर आणि मग चिरे. वळचण 3 फूट बाहेर काढा, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे जांभ्यापर्यंत फारसे पोचत नाहीत.